चाळणीताई आणि टाकलेला डबा

वाचनमावशींनी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती जिन्याखालच्या खोलीत एकटीच हसत होती. गालातल्या गालात नव्हे. डोळ्यांत पाणी, एक हात पोटावर आणि दुसरा टेबलावर. समोर संगणक होता आणि पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक ओळी सरकत होत्या.

मावशी दारातच थबकल्या. त्या तक्रार घेऊन आल्या होत्या, आणि तक्रार करायला आलेल्या माणसाला समोरचा असा हसताना दिसला की मोठी पंचाईत होते.

"काय झालं हो एवढं?"

"या, मावशी, या. हे बघाच तुम्ही." ओळख ना पाळख, तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं. "हे कुठलंतरी यंत्र आहे. आठवडाभर आमच्याकडे एकच पान मागतंय. ते पान आमच्या साइटवर नाही. कधीच नव्हतं. आमचा सर्व्हर दर वेळी सांगतो, सापडलं नाही. हे पुन्हा येतं, तो पुन्हा सांगतो. आणि दोघांतला एकही चिडत नाही! माझ्या घरी इतक्या शांतपणे कुणी कुणाला 'नाही' म्हटल्याचं मला तरी आठवत नाही."

मावशींनाही हसू फुटलं. तक्रार राहिली बाजूलाच.

मावशींनी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. कानाला यंत्र लावून, "थांबा हं, जोडून देते" म्हणत. निवृत्त झाल्यावर घर इतकं शांत वाटायला लागलं की त्या भाजी निवडतानाही मोठ्यांदा बोलायच्या. मग सार्वजनिक ग्रंथालयात एक पाटी दिसली: ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून दाखवणारे आवाज हवेत. मावशी गेल्या, एक परिच्छेद वाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत बसू लागल्या. भिंतींना जाड कापड, दाराला जाड पट्टी, दारावर लाल दिवा. आत बसलं की उशीच्या पोटात शिरल्यासारखं वाटायचं.

काम आवडलं, एक गोष्ट मात्र खुपायची. एक्स्चेंजमध्ये पलीकडून कुणीतरी निदान "हं" तरी म्हणायचं. इथे मायक्रोफोन नुसता ऐकून घ्यायचा. पुस्तक वाचून संपायचं, साइटवर चढायचं, आणि पुढे काय व्हायचं ते कुणालाच ठाऊक नसायचं.

त्या दिवशीची तक्रार अशी होती. मधमाश्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या आठवणी मावशी वाचत होत्या. एका प्रकरणात हा म्हातारा तोंडावर जाळी बांधून मोठ्या ऐटीत पोळ्यापाशी जातो, आणि तिथे गेल्यावर त्याच्या लक्षात येतं की बाकीच्या सगळ्या माश्या जाळीच्या बाहेर आहेत, पण एक आत आहे. एवढं वाचलं आणि मावशींना हसू आवरेना. चांगलं खळखळून हसल्या, मग घसा खाकरून पुढे वाचलं. घरी गेल्यावर लाज वाटली. पोक्त बाई, आणि पुस्तक वाचताना खिदळते! तेवढं कापून टाका, हे सांगायला त्या खाली आल्या होत्या, कारण फायली साइटवर चढवायचं काम जिन्याखालच्या बाईंकडे आहे असं कुणीतरी सांगितलं होतं.

"कापते की," ती म्हणाली. मावशी निर्धास्त होऊन वर गेल्या.

तिला सगळं ग्रंथालय चाळणीताई म्हणायचं. ग्रंथालयाच्या साइटवर कुणीही काहीही उघडलं की सर्व्हर एक ओळ लिहून ठेवतो: कुठल्या पत्त्यावरून, केव्हा, काय मागितलं, दिलं की नाही. पत्ता म्हणजे नुसते आकडे. माणसाचं नाव-गाव त्यात नसतं. अशा ओळींचा रोज डोंगर साठतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त यंत्रांच्या, कारण जगभर काही यंत्रं दिवसभर लोकांच्या साइटी धुंडाळत हिंडत असतात. त्यातून माणसं वेगळी काढणं हे ताईचं काम. त्यासाठी ती चाळण्या लिहायची. चाळणी म्हणजे एक आडवी ओळ, चिन्हांनी खचाखच भरलेली.

"हे काय, कुत्र्याचे पाय मांजराला?" मावशींनी पहिल्यांदा बघून विचारलं होतं.

"अहो, किती देखणं आहे ते! ही टोपी बघा. ही पुढे असली की अर्थ असा, ओळीच्या अगदी सुरुवातीलाच शोध, मध्ये नको. हे डॉलरचं चिन्ह म्हणजे शेवट. आणि हे टिंब म्हणजे पत्त्यांतला जोकर. त्याच्या जागी कुठलंही अक्षर चालतं."

"आणि खरंच टिंब हवं असेल तर?"

"मग त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. जोकर गुमान टिंब होऊन बसतो. एकदा मी ती रेघ विसरले, वर त्याच्या शेजारी तारा बसवला. तारा म्हणजे हवं तितक्या वेळा. जोकर आणि तारा शेजारी बसले की जे समोर येईल ते खातात. त्या महिन्यात साइटवर एकही माणूस आलं नाही, असं मी संचालकसाहेबांना लेखी कळवलं. साहेब म्हणाले, अहो, मी स्वतः रोज सकाळी उघडतो!"

दुपारी चारला चहा प्यायला मावशी खाली यायच्या, तो मग रिवाजच झाला. त्या चहावरच त्यांना ताईचं बाकीचं आयुष्य थोडं थोडं कळत गेलं. नवरा बस चालवायचा. दिवसभर हॉर्न ऐकून आलेल्या त्या माणसाला घरी बोललेलं फारसं ऐकू जात नाही असं ताईचं म्हणणं, आणि बायको आपल्या बोलण्यातलं सोयीचं तेवढंच चाळून घेते असं त्याचं म्हणणं. मुलगी वसतिगृहात शिकत होती. आणि एक थोरला भाऊ होता, तिचा दादा, लहानपणापासून डोळ्यांनी अधू, आता पूर्णच अंध. पियानो जुळवायचं काम करायचा. तिला तो अजून चिमणी म्हणायचा.

या दोघांची आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं निवडायला जायची आणि राहिलेलं काम पिशवीत भरून घरी आणायची. जमिनीवर चादर पसरायची, त्यावर बटणांचा ढीग, आणि दोन्ही बाजूंना दोन पोरं. चिमणी डोळ्यांनी निवडायची. तिचे नियम असायचे: चार भोकांचं हवं, कड उंच हवी, पण निळं असेल तर नको. भराभर हात चालायचा. दादा बोटांनी निवडायचा, सावकाश. आणि सगळं झालं की तिचा टाकलेला डबा मांडीवर ओढून पुन्हा चाचपायचा. दर वेळी त्यातून चांगली बटणं निघायची.

"तुझे नियम चांगले असतात गं," तो म्हणायचा, "पण नियम केल्यावर तू टाकलेल्याकडे बघतच नाहीस."

"मग त्याला मी काय म्हणायची, माहितेय?" ताईने मावशींना सांगितलं. "तू नुसता भंगारवाला आहेस!"

असा तो चहा चालायचा. मग एक दिवस संचालकसाहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. साहेब भला माणूस. वाईट बातमी सांगायची असली की आधी खुर्ची नीट सरळ करायचे. त्यांनी खुर्ची सरळ केली. जुने नकाशे संगणकात उतरवायचं एक मोठं यंत्र आलं होतं आणि ते व्हरांड्यात पडून होतं, येणारे-जाणारे त्याला अडखळत होते. त्याला खोली हवी होती.

"मावशी, तुमचा आवाज मला फार आवडतो. पण ऐकणारं कुणी आहे का, हे मला सांगता यायला हवं. शुक्रवारी बैठक आहे. ताई आकडा काढतील. माणसं ऐकत असतील तर खोली तुमची. नुसती यंत्रंच फिरत असतील, तर खोली यंत्राला देऊन टाकू."

यात चुकीचं काही नव्हतं, म्हणूनच मावशींना राग येईना आणि रडूही येईना. त्या दिवशी वाचताना त्या एकाच पानावर दोनदा चुकल्या.

ताईने आपली जुनी, भरवशाची चाळणी काढली. ग्रंथालयाच्या मुख्य साइटसाठी तिने ती केव्हाच लिहून ठेवली होती आणि तिचा तिला अभिमान होता. आधी, जी यंत्रं प्रामाणिकपणे आपलं नाव सांगतात ती बाहेर. मग लपूनछपून येणारी ओळखायची युक्ती: माणसाने पान उघडलं की त्याच्याबरोबर पानावरची चित्रंही मागितली जातात. मुखपृष्ठाचं चित्र, वरची पट्टी, कोपऱ्यातलं चिन्ह. यंत्राला चित्रांशी देणंघेणं नसतं. ते मजकूर ओरबाडतं आणि जातं. ज्या पत्त्यावरून एकही चित्र मागितलेलं नाही, तो पत्ता यंत्राचा. काढून टाका.

बोलक्या पुस्तकांच्या वेगळ्या साइटच्या ओळी तिने या चाळणीतून ओतल्या. वर राहिली ती माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. त्यातले एक साहेब होते आणि एक ती स्वतः.

चार वाजता मावशी खाली आल्या, तेव्हा ताईच्या चेहऱ्यावरच उत्तर लिहिलेलं होतं. दोघींनी चहा ओतला आणि तो तसाच ठेवला.

"जाऊ दे गं," मावशी म्हणाल्या. "माझा घसा तरी मोकळा झाला एवढे दिवस."

तेवढ्यात फोन वाजला. दादा अधूनमधून असा फोन करायचा. ताईने तो टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला.

"चिमणे, आवाज का पडलाय?"

"काही नाही रे. इथे जरा तोंडं उतरलीयत."

"सर्व्हर झोपला का?"

"सर्व्हर ठणठणीत आहे. ऐकणारंच कुणी नाही. चाळून बघितलं मी. बोलकी पुस्तकं कुणी ऐकत नाही, दादा. खोली जाणार."

मग दादा म्हणाला, "मग मी कोण?"

"म्हणजे?"

"अगं, मी ऐकतो की. रोज. कामाला निघायच्या आधी. सध्या त्या मधमाश्यावाल्या बाई लावतो."

मावशींचा हात कपाकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"नाही रे," ताई म्हणाली. "माणसांत तुझी एकही ओळ नाहीये. तू म्हणतोस त्या वेळेला कुणीच नाही."

"वा! सख्ख्या भावाला माणसांतून उठवलंस होय गं? आईला सांगायला हवं होतं." तो हसला, आणि हसता हसताच म्हणाला, "चिमणे, टाकलेला डबा बघितलास का?"

ताईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे सर्व्हर लिहील ती प्रत्येक ओळ, न चाळता. उजवीकडे चाळणीतून आलेल्या ओळी.

"दादा, फोन ठेवू नकोस. आत्ता लाव. कुठलंही प्रकरण."

"लावतो."

डावीकडे एक ओळ टपकन पडली. मधमाश्यांचं पुस्तक. उजवी बाजू कोरीच.

"बंद कर. पुन्हा लाव."

डावीकडे आणखी एक. उजवीकडे काही नाही.

ताईने कपाळावर हात मारून घेतला आणि तिला हसू लोटलं, पहिल्या दिवशीसारखंच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चित्रं, मावशी! चित्रं! त्याला पान वाचून दाखवणारा जो प्रोग्रॅम आहे, तो चित्रं मागतच नाही. त्याला चित्रं कशाला हवीत? ही साइट कुणासाठी, तर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. आणि मी अट काय घातली, तर चित्रं बघेल तोच माणूस! सगळी माणसं वेचून वेचून टाकलीत मी!"

"मी म्हणत नव्हतो?" फोनमधून आवाज आला. "भंगारवाल्याची किंमत आता कळली."

"दादा, तू गप्प बस आणि ऐकत राहा. बंद करू नकोस."

चहा दुसऱ्यांदा गरम केला. आता खरा प्रश्न पुढे होता. टाकलेल्या ढिगात दादासारखी माणसं होती, हे कळलं. पण त्यातच यंत्रांचा बुजबुजाट होता. चित्रांची खूण गेली, मग दुसरी कुठली? ताई पेन्सिल चावत बसली. मावशी पडद्याकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, पण माणसं मात्र त्यांनी जन्मभर ऐकली होती.

"फोनवर ना," त्या म्हणाल्या, "माणूस कधीतरी 'काय म्हणालात?' असं विचारतोच. एका दमात सगळं ऐकून घेणारा मी तरी बघितला नाही. कुणी दार वाजवतं, कुणाचं दूध उतू जातं, कुणाला शिंक येते."

ताईने पेन्सिल तोंडातून काढली. "मावशी, परत बोला."

"दूध उतू जातं."

"बरोबर! यंत्र आख्खी फाईल एका घासात गिळतं आणि पुढची मागतं. माणूस थांबतो. मागे जातो. अमुक ठिकाणापासून परत दे म्हणतो. मग सर्व्हर तुकडा देतो आणि ओळीत दोनशे सहा आकडा टाकतो. दोनशे सहा म्हणजे, सगळं नाही, मागितलं तेवढं दिलं. आणि कुठून मागितलं तेही मी लिहायला शिकवलंय त्याला!"

ती लिहायला लागली. ध्वनिफाईल ओळखायची खूण, तिच्यातल्या टिंबाआधी उलटी तिरकी रेघ. ती दिली की नाही हे तिने बोट ठेवून दोनदा बघितलं. मग मधलं काहीबाही, मग दोनशे सहा. अशा ओळी ज्या पत्त्यावरून एकाच फाईलसाठी पुन्हा पुन्हा, मध्ये वेळ सोडून आल्या असतील, ते पत्ते ठेवायचे. काही लबाड यंत्रंही तुकडे मागतात, म्हणून वर राहिलेल्यांतल्या मूठभर ओळी तिने हाताने तपासल्या. आणि मग, या खेपेला, टाकलेल्यांतल्याही मूठभर. त्यात एकही माणूस निघालं नाही, तेव्हाच तिने खुर्चीला पाठ टेकली.

पडदा भरून वाहत होता. सकाळी उठल्या उठल्या ऐकणारे, जेवणाच्या सुट्टीत ऐकणारे, एकच प्रकरण दिवसभर पुरवून पुरवून ऐकणारे. एका पत्त्यावरून रोज पाचेक मिनिटं ऐकून झाली की तुकडा तुटायचा आणि पुढचा पार दुसऱ्या दिवशी.

"हा झोपतो तुमच्या आवाजावर," ताई म्हणाली.

"झोपू दे बापडा," मावशी म्हणाल्या. त्यांना ओळींतलं एकही अक्षर नीट दिसत नव्हतं. चष्मा ओला झाला होता. एवढे दिवस पलीकडे कुणीतरी "हं" म्हणत होतं तर.

मग ताईच्या कपाळाला आठी पडली. मधमाश्यांच्या एका प्रकरणात लोक पुन्हा पुन्हा मागे जात होते. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळेच. आणि सगळे एकाच जागी.

"इथे फाईल बिघडलीय वाटतं."

तिने त्या जागेच्या थोडं आधीपासून लावलं. खोलीत मावशींचा आवाज आला. म्हातारा जाळी बांधून ऐटीत निघाला. पोळ्यापाशी पोचला. आणि मग ते हसणं, खळखळून, आवरता न येणारं.

मावशींनी हळूच मान वळवली. "तू कापलं होतंस ना हे?"

"कापायला बसले होते."

"मग?"

"ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मग कापावंसं वाटेना."

"खोटारडी!"

"मी पण मागे जाऊन ऐकते हो ते," फोनमधून दादा म्हणाला, "म्हणजे, ऐकतो. तुमच्या नादाला लागून माझंही व्याकरण गेलं. त्या बाई तिथे आहेत का? त्यांना म्हणावं, सकाळी कामाला जायच्या आधी एवढं हसणं पुरतं मला."

"आहे मी," मावशी म्हणाल्या. एक्स्चेंजमधलं जुनं वाक्य आपोआप तोंडात आलं. "थांबा हं. जोडून देते." आणि मग काय जोडायचं ते न सुचून त्या नुसत्याच हसल्या. पलीकडे दादाही.

शुक्रवारी साहेबांनी सगळं नीट बघितलं. ते लगेच हुरळून जाणाऱ्यांपैकी नव्हते. जुनी चाळणी कुठे चुकली ते ताईने आपणहून सांगितलं, आणि साहेबांनी विचारलं, "ही नवी चुकत नाही कशावरून?"

"चुकत असेल थोडीफार. म्हणून टाकलेल्या ओळीही आणल्यात. तुम्हीच मूठभर उचला."

साहेबांनी खरंच उचलल्या. बोट लावत वाचल्या, सगळी यंत्रंच. मग ठेवलेल्यांपैकी काही वाचल्या, आणि एका जागी थांबले. "हे सगळे इथेच मागे का जातायत?"

ताईने लावून दाखवलं. बैठकीत साहेब सहसा हसत नसत. त्यांनी ते ऐकलं, ओठ घट्ट मिटले, आणि म्हणाले, "जरा मागे घ्या बरं."

खोली मावशींकडेच राहणार हे तिथेच ठरलं. पण यंत्र अजून व्हरांड्यात होतं, आणि त्याच सकाळी साहेब स्वतः त्याला अडखळले होते.

"माझी खोली घ्या," ताई म्हणाली. "सर्व्हर कोपऱ्यात राहील, माझं टेबल काढलं की यंत्र बसतं. मी मापून आलेय."

"आणि तुम्ही कुठे बसणार?"

"वर. मावशींच्या दाराबाहेर एक टेबल मावतं. तेही मापलंय."

साहेबांनी आपली खुर्ची सरळ केली, पण या वेळी वाईट बातमी काही नव्हती, म्हणून ते उगाचच "बरं" म्हणाले.

चाळणीताई आता तिसऱ्या मजल्यावर, ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर बसते. दारावरचा लाल दिवा लागला की कीबोर्डचा खडखडाट आत जाऊ नये म्हणून ती हात बाजूला घेते, आणि दिवा विझेपर्यंत पेन्सिलीने कागदावर चाळण्या लिहिते.